वीस पावलांचं धनुष्य

जुनं धनुष्य बघायला गेलात तर किंमत विचारायच्या आधी विकणाऱ्याला म्हणा, जरा चढवून दाखवा. चढवणं म्हणजे दोरी लावणं. त्यानं खालचं टोक घोट्याला अडकवलं, एक पाय धनुष्य आणि दोरीच्या मधून घातला आणि मांडीच्या जोरावर वाकवायला लागला, की समजायचं, हा गडी वर्षानुवर्षं असंच करत आलाय आणि एखादी पाती, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, पिळलेली निघायची शक्यता दांडगी आहे. त्याउलट त्यानं शोधून स्ट्रिंगर काढला, म्हणजे दोन्ही टोकांना टोप्या असलेली ती लांब दोरी, ती पायाखाली दाबून धनुष्य सरळ वर ओढलं, तर पुढे बोलायला हरकत नाही.

धरमपेठेतल्या ज्या काकांकडे मी गेले, त्यांनी यातलं काहीच केलं नाही. “मला येतच नाही बेटा ते,” म्हणाले. “भाऊ गेला तेव्हापासून कोणी हातच नाही लावला त्याला.” जुन्या धनुष्याबद्दल याहून चांगली बातमी नसते. धनुष्य बाण मारून जितकं झिजत नाही तितकं हौशी माणसांच्या हाती पडून बिघडतं. दिवाणखान्यात टांगलेलं धनुष्य पाहुणे उतरवतात, कानापर्यंत ओढतात आणि बाण न लावताच दोरी सोडून देतात. जो जोर बाणानं घेऊन जायचा तो मग पात्यांमध्येच फुटतो. एका ‘बघू बरं’मध्ये चांगलं धनुष्य कामातून जातं.

हे टांगलेलं नव्हतं, दिवाणात होतं. काकूंनी गादी उचलली, दोन रजया आणि कुणाच्या तरी बारशाची भांडी बाजूला केली आणि जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली ती वस्तू काढली. आडवी, सपाट, दोरी उतरवलेली. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं धनुष्य स्वतःच्याच भारानं हळूहळू वळतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवलं तर थरांमधला गोंदच दगा देऊ शकतो. खालच्या मजल्यावरच्या खोलीत रजयांखाली ते निवांत पडून होतं. काकूंनी ही काळजी धनुष्यासाठी घेतली नव्हती. त्यांना ते फक्त नजरेआड हवं होतं.

धनुष्य अमेरिकन, बेअर कंपनीचं, एकसंध रिकर्व्ह, म्हणजे पात्या सुट्या न होणारं आणि टोकं पुढच्या बाजूला वळलेलं. मुठीच्या वर लाकडात एक गोल नाणं बसवलेलं, त्यावर अस्वल. ज्या फ्रेड बेअर (१९०२–१९८८) नावाच्या माणसाची ही कंपनी, त्याचा कारखाना मिशिगनमधल्या ग्रेलिंग गावात होता, १९७८ मध्ये तो फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला हलला. त्यामुळे पातीवर गावाचं नाव वाचता आलं तर जन्मसालाचा अंदाज बांधता येतो. इथे ग्रेलिंग होतं, पुसट, पण होतं. काकांचे थोरले भाऊ मिशिगनला नोकरीला गेले १९८० नंतर. म्हणजे त्यांनीही ते जुनंच घेतलेलं. माझ्या आधी निदान दोन हात तरी त्याच्या मुठीवरून फिरले होते.

“भाऊ जायचा ना जंगलात,” काका सांगत होते. “तिथे १ ऑक्टोबरला धनुष्यवाल्यांचा मोसम सुरू होते. झाडावर बसून राहे म्हणे दिवसभर. एक हरीण नाही मारलं त्यानं.”

“मारलं असंल,” काकू आतून म्हणाल्या. “सांगतलं नसंल.”

मी काकूंकडे थोडा फुलवातीचा कापूस मागितला. त्यांना वाटलं पूजा करते की काय. कापसाचा हलका बोळा पातीच्या दोन्ही कडांवरून, वरून खाली, सावकाश फिरवायचा. काच-तंतूचा, म्हणजे फायबरग्लासचा, थर कुठे उचकला असेल, बारीक कुसळ निघालं असेल, तर डोळ्याला दिसायच्या आत कापूस अडकतो. बोटानं करू नये, कुसळ बोटात जातं. वरच्या पातीवर एका जागी कापूस किंचित रेंगाळला. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहिलं तर लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या केसासारख्या दोन-तीन रेघा होत्या. लांबीला समांतर रेघा जुन्या काच-तंतूत येतातच, बहुतेक वेळा त्या दिसण्यापुरत्या असतात. पातीला आडवी छेदून जाणारी एक जरी रेघ दिसली असती तर चहा पिऊन उठले असते.

मग माझ्या पिशवीतल्या स्ट्रिंगरनं ते चढवलं आणि टोकाकडून एक डोळा मिटून दोरीच्या रेषेत पाहिलं. दोरी दोन्ही पात्यांच्या बरोबर मधून गेली पाहिजे. गेली. खालच्या पातीवर शाईनं लिहिलेलं होतं, ४५ पाउंड, २८ इंच. हा आकडा म्हणजे धनुष्य २८ इंच ओढलं की बोटांवर येणारा ताण. माझी ओढ २६ इंचांची. दर इंचाला साधारण अडीच पाउंड कमी धरले तर माझ्या हातात हे धनुष्य चाळिशीच्या आसपास. पण जुन्या वस्तूवरच्या शाईवर विश्वास ठेवू नये, म्हणून मी विमानाच्या बॅगा तोलायचा हातातला काटा आणला होता. काट्याचा हूक दोरीत अडकवला, काकांना धनुष्य खाली दाबून धरायला लावलं, लाकडी पट्टीवर २६ इंचांची खूण पाहून वर ओढलं. काटा अठरा किलोच्या जरा खाली थांबला. हिशेब जुळला.

“अठरा किलो?” काकू दारात उभ्या. “सिलिंडरातला गॅस चौदा किलोचा राह्यते बापा. आन् तू तीन बोटांनी अठरा ओढून राहिली?”

चढवताना मला दोरीवर जे दिसलं होतं त्यासाठी मी खरं तर ते धनुष्य तिथेच पसंत केलं होतं. दोरीच्या वरच्या आणि खालच्या भागात, टोकांपासून हातभर आत, लोकरीचे दोन करडे गोंडे बांधलेले. काकूंना ते शोभेचे वाटत होते, आणि एक उंदरानं कुरतडलाय म्हणून त्या ओशाळल्याही. ते शोभेचे नाहीत. बाण सुटला की दोरी थरथरते आणि टणत्कार होतो. गोंडे ती थरथर पिऊन टाकतात. आता हे गणित बघा: अशा धनुष्याचा बाण सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास जातो. वीस यार्डांवर, म्हणजे अठरा मीटरवर उभ्या हरणापर्यंत पोहोचायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. आवाज तेच अंतर सेकंदाच्या विसाव्या हिश्शात कापतो. हरणाला आवाज आधी येतो, बाण नंतर. तेवढ्या वेळात ते उडी मारण्यासाठी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच ठिकाणी लागतो. म्हणून लोकर.

तर ते गोंडे पाहून माझ्या लक्षात आलं की या धनुष्याचा प्रत्येक भाग एका जिवंत प्राण्याच्या कानाचा, डोळ्याचा, अंतराचा विचार करून ठरलेला आहे. लांबी ५८ इंच, कारण झुडपात आणि मचाणावर लांब धनुष्य अडतं. मैदानावरची पोरं ६६ ते ७० इंचांचं वापरतात. पात्यांचा रंग मातकट. मुठीच्या बाजूला दोन भोकं, तिथे कधी तरी बाणांचा भाता स्क्रूनं बसवलेला असणार. आणि ४५ पाउंड हा आकडाही हरणाचाच. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत हरणासाठी किमान किती ताण हवा ते ठरलेलं असतं, ३० ते ४० पाउंडांच्या घरात.

नागपुरात सध्या आर्चरी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर कंपाउंड येतं, आणि का येऊ नये! ओजस देवतळे नागपूरचा. २०२३ मध्ये बर्लिनला वयाच्या एकविसाव्या वर्षी जागतिक विजेता झाला, अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेऊन. त्याच वर्षी हांगझोच्या एशियाडमध्ये तीन सुवर्णं. कंपाउंडमध्ये चाकं असतात. पूर्ण ओढलं की ताणाचा मोठा हिस्सा चाकं उचलतात, हातावर थोडाच राहतो, भिंग आणि पाणसळ लावून शांतपणे नेम धरता येतो. अमेरिकेत होलेस विल्बर अ‍ॅलन या माणसाला १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत तिथल्या शिकाऱ्यांनी रिकर्व्ह सोडून दिले. ज्यांच्यावर बेअरचं नाणं होतं ती धनुष्यं गॅरेजमध्ये गेली.

पण काही लोक उलटे फिरले. हातात जास्त सोपं, जास्त लांब जाणारं, जास्त अचूक हत्यार असताना त्यांनी मुद्दाम जुनं उचललं. बिनभिंगाचं, तीन बोटांचं. अशा माणसाला विचारलं, किती अंतरावरून मारतोस, तर तो फुशारकीनं मोठा आकडा सांगत नाही, लहान सांगतो. पंधरा यार्ड, फार तर वीस. मैदानावर मात्र ऑलिम्पिकचं अंतर ७० मीटर, आणि तिथे कौतुक आकडा वाढण्याचं. मी शाळेत बांबूच्या धनुष्यावर शिकले, आपल्याकडे ज्याला इंडियन राउंड म्हणतात त्यात. ३० आणि ५० मीटर. तेव्हाही सर ओरडायचे ते लांबच्या गुणांसाठीच. कमी अंतर ही कमावण्याची गोष्ट असू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कमावण्याची का, तर बाण गोळीसारखा मारत नाही. गोळीचा धक्का असतो. बाण कापतो, रक्त जातं आणि प्राणी पडतो. नीट लागला तर थोड्याच क्षणांत, वाईट लागला तर तासांनी, कुठल्या तरी नाल्यात, एकटा. शिकारी बाण मारल्यावर लगेच मागे धावत नाहीत, थांबतात, मग रक्ताचे थेंब शोधत जातात. म्हणून त्यांच्यात एक साधी चाचणी आहे: नऊ इंची कागदी प्लेट लावायची, हरणाच्या काळीज-फुप्फुसाचा घेर साधारण तेवढा. ज्या अंतरावरून एकही बाण प्लेटीबाहेर जात नाही ते तुमचं अंतर. त्याच्या पुढे एक पाऊलही नाही, समोर कितीही शिंगांचा नर उभा असो. मला शिकार करायची नाही, कधी नव्हती. पण ही शिस्त मला त्या सत्तर मीटरवाल्या कौतुकापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते, हे लिहून टाकते. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे.

आणि मी बसले आहे नागपुरात, व्याघ्र राजधानी म्हणवून घेणाऱ्या गावात, जिथून पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा सगळं गाडीच्या टप्प्यात. १९७२ च्या सप्टेंबरात दोन गोष्टी घडल्या. म्युनिकच्या ऑलिम्पिकमध्ये १९२० नंतर पहिल्यांदा धनुष्यबाण परत आला, आणि त्याच महिन्यात आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्या कायद्यात हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन आहे, बंदूक, सुरी, जाळं, विष, फासे यांच्या पंगतीत. शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, पकडणं, हाकणं, आमिष लावणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न, सगळं आलं. परवानगीशिवाय असलं हत्यार घेऊन अभयारण्यात पाऊल टाकणं हाच गुन्हा. मला हा कायदा मनापासून पटतो. त्याच्या आधी काय चालायचं ते याच नाण्यावरच्या माणसाच्या चरित्रात आहे: फ्रेड बेअर साठच्या दशकात भारतात येऊन धनुष्यानं वाघ मारून गेला होता. पाहुणा यायचा, शिकार कंपनी सोय करायची, वाघ कातडं होऊन परदेशी जायचा. काकांना हे सांगितलं तेव्हा ते नाण्याकडे जरा वेळ बघत राहिले. “याच बाबानं?” म्हणाले.

तर असं धनुष्य घरात आणायचं ते निष्पाप आहे असं समजून आणायचं नाही, एवढं मी ठरवलं. त्याला ‘कलावस्तू’ म्हणून भिंतीवर लावणारे लोक मला समजत नाहीत.

किमतीची घासाघीस फार झाली नाही. काकांनी आकडा सांगितला, मी थोडा कमी सांगितला, काकू म्हणाल्या देऊन टाका. अडचण आली ती एका पत्र्याच्या डब्यावरून. त्यात चार शिकारी टोकं होती, बाणाला लावायची, प्रत्येकाला दोन धारदार पाती, तेलकट कागदात गुंडाळलेली. इतक्या वर्षांनीही त्यातल्या एकानं तो कागद नुसत्या स्पर्शानं चिरला. काकूंचं म्हणणं, धनुष्य नेतेस तर हेही ने, मला घरात नको. मी म्हटलं, हे मी घेणार नाही. माझ्या बाणांना बोथट टोकं लागतात, ही टार्गेटमध्ये मारली तर टार्गेटचाच भुगा. काका म्हणाले राहू दे, भावाची आठवण आहे. काकू म्हणाल्या, आठवणीसाठी फोटो आहे ना भिंतीवर. दोघांचं चालू असताना मी धनुष्य परत लुगड्यात गुंडाळलं. डब्याचं शेवटी काय झालं ते मी विचारलेलं नाही.

दोरी बदलावी लागली. जुनी डॅक्रॉनची, म्हणजे एका पॉलिस्टर धाग्याची होती, नवीही डॅक्रॉनचीच बनवून घेतली. दोरी बनवून देणारा मुलगा मला आजकालची न ताणणारी, जास्त वेग देणारी दोरी लावा म्हणून सांगत होता. पण त्या काळातल्या पात्यांची टोकं तशा दोरीचा झटका सोसायला घडवलेली नसतात, खाच चिरत जाते. डॅक्रॉन जरा ताणते, झटका अंगावर घेते, आणि वेग थोडा कमी मिळतो. मिळू दे. ५८ इंची रिकर्व्हला ५४ इंची दोरी. गोंडे मी जुन्या दोरीवरून सोडवून नव्या दोरीला बांधले, कुरतडलेल्यासकट. “ताई, टार्गेटला कान नाही राहत,” तो मुलगा म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

सराव काटोलकडे मावसभावाच्या वाडीत करते. शहरात अठरा मीटर मोकळी, मागे मातीचा बांध असलेली जागा सापडत नाही, आणि मैदानावर या धनुष्याकडे पोरं कुतूहलानं बघतात ते सुरुवातीला बरं वाटलं तरी नंतर कंटाळा येतो. मावसभावाला धनुष्याचा आनंद वेगळाच होता. त्याच्या संत्र्याच्या झाडांखाली रानडुकरं रात्री जमीन उकरतात, हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, शिरतात. त्याच्यासाठी हा विषय नीती-अनीतीचा नाही, पिकाचा आहे, आणि शहरात बसून त्याला मी काय सांगणार?

“ताई, एखादं डुक्कर तरी पाडशील ना?” त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

मी त्याला सांगितलं की पिकाच्या नासाडीसाठी वन खात्याकडे अर्ज करावा लागतो, परवानगी मिळाल्याशिवाय डुकरालाही हात लावता येत नाही. ते त्याला माहीत होतं. अर्ज, पंचनामा, भरपाई, सगळ्या चकरा त्याच्या पायाखालच्या. मग मी त्याला दुसरं सांगितलं, जे त्याला नवं होतं: चुकीच्या जागी बाण लागलेलं डुक्कर काय करतं, आणि तुझी बायको पहाटे त्याच बांधावरून येते. तो गप्प बसला. मग जाऊन जुन्या चिंध्यांनी गच्च भरलेलं पोतं घेऊन आला, बांधाला टेकवलं आणि म्हणाला, “हे मार मग.”

पोत्यावर मी प्लेट लावते. चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे ज्यात देतात ती, मोजून पाहिली, नऊ इंचांना किंचित कमी. वीस पावलांवरून निम्मे बाण प्लेटीत, निम्मे पोत्यात, एखादा बांधात. पंधरावरून बरे. गेल्या वेळी मावसभावानं स्वतः पावलं मोजली, त्याची ढांग माझ्यापेक्षा मोठी, तरी मी हरकत घेतली नाही. एकही बाण बाहेर जाऊ न देता मी मारू शकते ते अंतर बारा पावलं निघालं.

“बारा?” तो म्हणाला. “बारा पावलांवर डुक्कर थांबंल काय तुझ्यासाठी?”

“नाही थांबणार.”

“मग?”

मी बाण उपटायला गेले. एक बाण पोत्याच्या आरपार जाऊन मागच्या मातीत रुतला होता, तो काढायला मात्र त्यालाच बोलवावं लागलं.